वाचवलेले चार स्क्रीन

पोटच्या मुलीशी मी घासाघीस केली, जिंकलो, आणि आमची भट्टी विझली.

धंदा गलाईचा. जुने दागिने वितळवायचे आणि टंच काढायचा, म्हणजे त्यात खरं सोनं किती ते सांगायचं. खानापूर तालुक्यातून रिकाम्या हातानं चेन्नईला आलो आणि जॉर्ज टाउनच्या गल्लीत थोरल्या भावाबरोबर दुकान उभं केलं. वाटणीत दादानं गिऱ्हाइकं घेतली, मला भट्टी दिली. (गिऱ्हाइकांना पाय असतात, भट्टीला नसतात, हे तेव्हा सुचलं नाही!) मग त्यानं बरोबर माझ्या समोर दुकान थाटलं, टंचाचं मशीन आणलं, आणि माझ्याकडे होती नव्हती ती माणसंही गल्ली ओलांडून गेली. उरले एकटे चेट्टियार. म्हातारे, दागिन्यांचे मोठे व्यापारी. तेही गेले असते, तर भट्टीवर फक्त चहा उकळायचा होता.

त्यांना धरून ठेवायला मी ॲप काढायचं ठरवलं. आमची रोहिणी एका कंपनीत हेच काम करते.

"अप्पा, आधी प्रोटोटाइप करते. नुसता देखावा. बटण दाबलं की पुढचं चित्र हलत येतं, आत काही नसतं. निकालाचे पाच स्क्रीन लागतील. चोख, बरं, कमी, फारच कमी आणि 'पुन्हा तपासा'."

"पाच? दोनात बसव!"

"मी तुमच्याकडे पैसे मागतेय का?"

पैशाचा प्रश्नच नव्हता! समोरचा पाच म्हणाला आणि आपण पाचाला मान डोलावली, तर माणसानं जेवावं कोणत्या तोंडानं? ती चारावर आली, मी दीडावर अडलो. शेवटी ठेवणीतला डाव टाकला. मिशीला पीळ देत, सौदा मोडल्यासारखा उठून दाराकडे चालू लागलो.

"घर आपलंच आहे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "जायचंच असेल तर बनियनवर शर्ट घाला."

पण पोरगी नमली. "बरं, एकच. कुठला?"

"९१६. बावीस कॅरेट, चोख! शुभ दिसतं. आणि चार कमी केलेस, त्यांच्या बदल्यात ज्वाळा मोठी हवी."

"पोदुम, अप्पा!" (चिडली की तिला तमिळ सुचतं. पुरे म्हणजे पुरे.) "दाखवाल त्याला देखावा आहे म्हणून सांगा."

ज्वाळा मात्र झकास झाली! फोनच्या तळापासून माथ्यापर्यंत भडकायची, त्यात बांगडी वितळायची, थेंब थेंब पडून लगड व्हायची, वर फुलं पडायची आणि झळकायचं : ९१६.

दुसऱ्याच दिवशी चेट्टियार आले. त्यांची बायको महिन्यापूर्वी वारली होती. रुमालात तिच्या चार बांगड्या होत्या.

"वितळव. नातीच्या लग्नासाठी काहीतरी करीन म्हणतो."

मी दुखवट्याचा शब्द काढायच्या आधी फोन काढला. "ऐया, आता भट्टी पेटवायच्या आधीच टंच कळतो! बांगडीचा फोटो काढायचा, बस्स."

'देखावा' हा शब्द घशाशी आला होता. पण समोर दादा दारात उभा राहून बघत होता. शब्द गिळला.

ज्वाळा भडकली. फुलं पडली. ९१६!

चेट्टियारांचे डोळे भरले. मला वाटलं, जिंकलं!

"ह्या मी स्वतः घडवल्यात," ते हळू म्हणाले. "धंदा बुडायला आला होता तेव्हा. निम्मं तांबं आहे. ती शेवटच्या दिवसापर्यंत चोख समजून मिरवत होती. मला आणि देवाला सोडून कुणालाच माहीत नाही."

"ऐया, यंत्र आहे, कधी कधी..."

त्यांनी कमरेची लोखंडी किल्ली काउंटरवर ठेवली आणि स्वतःच बटण दाबलं. किल्लीवर फुलं पडली. ९१६.

"वीस वर्षं तू मला टंच सांगत आलास, सेठ. तेही असेच?"

"हा नुसता देखावा आहे, ऐया! आईशप्पथ!"

"आत्ता सांगतोस?"

त्यांनी रुमालाची गाठ बांधली आणि गल्ली ओलांडली. दादा पायरी उतरून खाली आला. हात धरून त्यांना बसवलं, पाणी दिलं. मशीनकडे बोटसुद्धा केलं नाही. बराच वेळ नुसता त्यांच्याजवळ बसून होता.

ते पुन्हा माझी पायरी चढले नाहीत.

घरी येऊन मी छप्पर डोक्यावर घेतलं. "लोखंडाला चोख म्हणतं तुझं ॲप! माझी पत गेली!"

"'फारच कमी'चा स्क्रीन होता, अप्पा," रोहिणी म्हणाली. "तुम्हीच कापलात."

"चार वाचवलेत ना?" बायको म्हणाली. "आता त्यांचं लोणचं घाला."

पुढे दादानं ॲपचं काम रोहिणीलाच दिलं. ती पाच स्क्रीन म्हणाली, तर तो म्हणाला, "सात कर, पोरी." असा माणूस धंद्यात टिकतोच कसा, हे मला आजवर कळलेलं नाही!

परवा रोहिणी आंघोळीला गेली असताना तिचा फोन उघडून दादाचं ॲप पाहिलं. शेवटचा स्क्रीन तक्रारीचा. एक मिशीवालं गिऱ्हाईक हातवारे करत ओरडतंय, आणि बटण दाबलं की त्याच्या टाळूतून ज्वाळा निघते, थेट फोनच्या माथ्यापर्यंत!

मिशा कुणाच्या, ते मी विचारलं नाही. ज्वाळा मात्र लगेच ओळखली. घासाघीस करून मीच मोठी करून घेतली होती!