म्हसवडची घोंगडी आणि माझ्या पुस्तकातलं चुकलेलं वाक्य

या प्रवासाला मला एका फोनने धाडलं. नंबर अनोळखी, आवाज बाईचा.

"ताई, मी म्हसवडची मनीषा. माहेरी विट्याला आले हुते, तिथल्या वाचनालयात तुमचं पुस्तक घावलं. लय आवडलं. पण एक सांगू का? तुमी लिवलंय, आपल्याकडं हातमागावर घोंगडी इणणारं आता कुणी उरलं न्हाई. आमी हाय की ओ!"

वीस वर्षं मी आशियातले देश फिरून लिहिते आहे. किरगिझस्तानात लोकरीचं काम शिकायला तीन आठवडे एका कुटुंबात राहिले. आणि आपल्या घोंगडीबद्दलचं ते एक वाक्य मात्र साताऱ्यात टेबलाशी बसून, कुणालाही न विचारता, ठोकून दिलं होतं. फोन ठेवल्यावर कान गरम झाले होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी सातारा स्टँड गाठला.

जाणाऱ्यांसाठी सांगते: पुसेगाव, दहिवडीमार्गे एसटीने तीन तास धरा, थेट गाडी नसेल तर दहिवडीला बदला. बायकांना अर्धं तिकीट. पुसेगावपर्यंत ऊस सोबत करतो, पुढे रान उघडं पडत जातं. बाभळी, दगडी बांध आणि रस्ता अडवून बसलेली मेंढरं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत नव्हता. "त्यास्नी कशाची घाई?" म्हणाला.

मनीषाताई स्टँडवर घ्यायला आल्या होत्या. पस्तिशीच्या, चालण्यात झपाटा. घरी ओसरीत त्यांचे सासरे इठ्ठलनाना बसले होते. मी नमस्कार केला, चुकीबद्दल माफी मागितली आणि वही उघडून विचारलं, "नाना, तुम्ही कधीपासून विणता?"

नाना शांतपणे म्हणाले, "आमी तर उरलोच न्हाई म्हणं. मेल्याली माणसं बोलत्यात व्हय, बाई?"

मी वही मिटली. मनीषाताईंनी "आवं नाना!" म्हणून त्यांना दटावलं, पण ते ढिम्म. शेवटी मी सिद्धनाथाच्या देवळात जाऊन आले, एका साध्या लॉजवर सामान टाकलं. संध्याकाळी मनीषाताईंकडून डबा आला: बाजरीची भाकरी, मटकीची आमटी, मिरचीचा खर्डा. या माण तालुक्यातली बाजरी खाल्ल्याशिवाय परतू नका. तरीही, उद्या आल्या पावली परत जावं लागतंय की काय, हेच डोक्यात होतं.

सकाळी गेले, तर आतून मागाचा आवाज येत होता आणि अंगणात काळ्या लोकरीचे धागे उन्हात लांबलचक ताणलेले. नानांनी चिंचोक्याच्या खळीची बादली आणि कुंचा माझ्याकडे सरकवला. ही खळ पाजली की धागा ताठ होतो, मागावर तुटत नाही. तासभर वाकून मी कुंचा फिरवला. पाठ मोडली, हात कोपरापर्यंत चिकट झाले.

"हळू. धागा हाय, भिंत न्हवं," नाना म्हणाले. दोन दिवसांत ते माझ्याशी दुसऱ्यांदा बोलले!

हात धुऊन मी पिशवीतून किरगिझ लोकरीचा रुमालाएवढा तुकडा काढला. नानांनी तो बोटांत चोळला, उन्हाकडे धरला.

"ही इणल्याली न्हाई. पाणी टाकून मळल्याली हाय. मेंढरू थंडीतलं, लोकर मऊ हाय." जे शिकायला मला तीन आठवडे लागले, ते या माणसाने दोन मिनिटांत ओळखलं. मग त्यांनीच विचारलं, "तिकडं बी मेंढरं घिऊन डोंगरात जात्यात का?"

"उन्हाळाभर वरच असतात. तंबू टाकून."

"मग आपल्यातलीच की माणसं!" आणि नाना हसले.

तेव्हा कुठे धीर करून मी नवीन आवृत्तीसाठी लिहिलेलं वाक्य वाचून दाखवलं: 'म्हसवडला इठ्ठलनाना आणि त्यांची सून मनीषा आजही घोंगडी विणतात.'

नानांनी मान हलवली. "चुकलं. सुनंचं नाव आदी घाल. माझं गुडघं गेल्यापास्नं मागाच्या खड्ड्यात उतरून बसाय हुईना, माग तीच चालिवती. ह्या घरात बायका सूत काडायच्या, मागावर कुणी बसली न्हवती. ही बसली. माझ्यापरास हात बरा हाय तिचा."

आत मागाचा आवाज थांबला. मनीषाताई पदराने डोळे पुसत दारात आल्या. "असं कवा म्हणला न्हवता, नाना," एवढंच त्या म्हणाल्या.

मी वाक्य बदललं. नानांनी ते पुन्हा वाचायला लावलं, दोनदा.

निघताना मी एक काळी घोंगडी घेतली. जाल तर तुम्हीही घ्या, दोन-अडीच हजारांपासून मिळते; घासाघीस करू नका. परतताना मी मुद्दाम वाट वाकडी करून विट्याला गेले. वाचनालयातल्या बाईंनी माझं पुस्तक काढून दिलं, डिंकाची बाटलीही दिली. त्या पानावर नव्या वाक्याची चिठ्ठी डकवली आणि साताऱ्याची गाडी धरली.

आता ती काळी घोंगडी माझ्या बैठकीत अंथरलेली असते. नवी असताना टोचते, वास येतो, आणि बसलं की उठावंसं वाटत नाही. परवा पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने तिच्यावरून हात फिरवत विचारलं, "ही कुठल्या देशातून आणलीत?"

"माण तालुक्यातून," मी म्हटलं. "मनीषाताईंनी विणलीय."