उपायाचा परिच्छेद

वणीला एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा क्लास भरायचा. स्पर्धा परीक्षा आता लेखी झाली होती, निबंधाचा मोठा पेपर होता, आणि उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या आम्हा सगळ्यांचे हातपाय गळाले होते. सरांनी फळ्यावर चार साचे लिहून दिले : काळाच्या क्रमाने सांगायचं, दोन बाजूंची तुलना करायची, कारण आणि परिणाम दाखवायचे, किंवा समस्या मांडून उपाय सांगायचे. पेन उचलण्याआधी साचा ठरवा, असं ते बजावून सांगत. आणि साच्यात जे बसत नाही ते कितीही खरं असलं तरी खोडून टाका.

मला हे फार मानवलं. मी जन्माची काळजीखोर. घरातून निघताना कुलूप दोनदा ओढून पाहणारी, आणि बस सुटल्यावर ते ओढलं की नाही यावर अर्धा रस्ता झुरणारी. माझ्या डोक्यात सगळं एकाच वेळी बोलत असतं. त्या गोंधळाला कुणीतरी चार कप्पे करून दिले, याचंच मला अप्रूप वाटलं.

लिहिलेला निबंध घरी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, असाही सरांचा नियम होता. घरी आम्ही दोघीच, मी आणि आई. संध्याकाळी ती पालेभाजी निवडत बसायची आणि मी वाचायचे. महिला सक्षमीकरण, पाणीटंचाई, मोबाइलचे फायदे-तोटे, सगळं तिने ऐकलं. तुलनेचे निबंध तिला बिलकुल आवडत नसत. "दोघंही बरोबर म्हणतेस, मंग भांडण कायचं?" असं विचारायची. तिला आवडायचा तो उपायाचा परिच्छेद. तो आला की हातातली जुडी खाली ठेवून ऐकायची.

त्याच हिवाळ्यात तिचा खोकला वाढला. आधी पहाटेपुरता होता, मग दिवसभर राहू लागला. चार पायऱ्या चढली तरी ती दाराची चौकट धरून उभी राहायची आणि मला पाहून काहीतरी शोधत असल्यासारखं करायची. माझा जीव टांगणीला लागला. रिकाम्या वेळी मी तिच्या खोकल्याचेच मुद्दे काढत बसायचे. कधी सुरू झाला? शेजारच्या काकूंचा खोकला कोरडा, हिचा ओला, यात बरं कुठलं? आणि कारण काय? कारणापाशी आले की माझं उत्तर तयार असायचं. आमच्या घरासमोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी काळी होते. कारण दारात उभं होतं, शोधायला कशाला जायचं?

त्यावर मी निबंध लिहिला. कोळशाची धूळ : समस्या आणि उपाय. उदाहरण म्हणून त्यात "रस्त्याकाठी राहणारी एक गृहिणी" घातली. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि एका कारणावर असं ठाम उभं राहायला शिका, असं बाकीच्यांना सांगितलं. मी फुगले. संध्याकाळी आईला वाचून दाखवला.

"ते बाई म्हणजे मीच न?" ती म्हणाली.

"उदाहरण आहे गं."

"बरं. मंग शेवटी ते बरी होते का?"

मी म्हटलं, निबंधात असं नसतं, निबंधात फक्त उपाय सुचवतात. तिने मान हलवली आणि पुन्हा भाजी घेतली.

शेवटी यवतमाळला छातीच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. आमच्या घरची एक रीत आहे. कुठल्याही साहेबासमोर, मग तो बँकेतला असो की दवाखान्यातला, शिकलेल्या माणसाने बोलायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. वडील होते तोवर ते बोलत, आता मी. त्यामुळे बसमध्ये मारेगावपासूनच मी मनात वाक्यं जुळवत होते. एखादा मुद्दा सुटला तर, नको त्या क्रमाने सांगितलं तर, डॉक्टरांचा गैरसमज झाला तर? आई खिडकीशी डोळे मिटून बसली होती. तिच्या छातीतली घरघर मला बसच्या आवाजातही ऐकू येत होती, की ऐकू येतेय असं वाटत होतं, देव जाणे.

डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास आहे? आणि मी चक्क प्रस्तावना सुरू केली. आमचा भाग कोळशाचा, रस्त्यावर अवजड वाहतूक किती, घर रस्त्यापासून किती जवळ. डॉक्टर पेन हातात धरून थांबले. "ताई, त्रास कधीपासून आहे तेवढं सांगा." मी तेही सांगितलं आणि लगेच पुन्हा धुळीवर आले. त्यांनी आईकडे पाहिलं. "मावशी, आधी कधी धुळीचं काही काम केलंय? दुसरं काही?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही, घरीच असते ती." आईने मान डोलवली.

औषधं लिहून मिळाली. स्टँडजवळ चहा प्यायला बसलो तेव्हा माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं होतं. सगळे मुद्दे आले होते. आईने बशीत चहा ओतला, फुंकर घालायला गेली आणि खोकली. मग सहज म्हणाली, "तू ते जिनिंगचं नाही सांगितलं."

मला क्षणभर कळेना. मग आठवलं. मी लहान असताना ती कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा केसांवर, भुवयांवर पांढरे तंतू असायचे आणि मी ते वेचायचे. मला ते खेळासारखं वाटायचं. हे मला माहीत होतं. फक्त माझ्या निबंधात ते कुठे बसलं नव्हतं.

"त्यांनी विचारलं तेव्हा तू का नाही बोललीस?"

"तू बोलून राह्यली होती न," ती म्हणाली. "मले वाटलं, तुह्या निबंधात नाही, म्हणजे डॉक्टरले ते लागत नसन."

मला रडू आलं. चहा तसाच टाकून आम्ही परत गेलो. डॉक्टर जेवायला गेले होते. बाकावर बसून मी स्वतःलाच शिव्या घालत होते आणि आई मला समजावत होती, हेही उलटंच. आत गेल्यावर मी म्हटलं, आता तू सांग. ती बिचकली, मग सुरू झाली. कशाला कशाचा मेळ नव्हता. मधेच माझा जन्म आला, मधेच मुकादम बाई आली. आणि मग म्हणाली, आठवडी बाजाराच्या सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळून यायची, मंग सवय होऊन जाये. डॉक्टर पुढे वाकले. "हे पुन्हा सांगा मावशी," ते म्हणाले, आणि लिहू लागले.

अजून एक तपासणी करायची ठरली. बरं होईल का, असं मी विचारलं. आधी तपासणी होऊ द्या, ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वही उघडलीच नाही. परीक्षा तोंडावर आली होती, पण कागद पाहिला की शिसारी येत होती. आई जुडी घेऊन बसली.

"आज काही नाही का? ते धुळीचंच वाच. उपायाचं."

मी वाचायला लागले. ट्रकवर ताडपत्री असावी. रस्त्यावर नियमित पाणी मारावं. तिने जुडी खाली ठेवली होती. तोंडाला पदर लावला होता आणि खांदे आतल्या आत हलत होते. माझं वाचणं मोडू नये म्हणून ती खोकला दाबून धरत होती. कदाचित रोजच धरत असेल, मी वहीतून डोळे वर काढले नव्हते.

पुढे आणखी तीन उपाय होते. ते गाळून मी शेवटचं वाक्य वाचून टाकलं.