मी फक्त ‘संपलं’ म्हणालो

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, आईनं आपणहून टीव्ही सोडला; वय झालं, डोळे दमले. मीही तेच म्हणत आलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या सोसायटीत राहत नाही. भित्र्या माणसाला एवढा आडोसा पुरतो.

वडील गेल्यावर आईला सटाण्याहून इथे, सातपूरला आणलं. तिचा सगळा जन्म अहिराणीत गेलेला. इथल्या बायकांशी तिनं बोलायचं काय? म्हणून टीव्हीला जोडायची ती काळी डबी घेतली, आणि आईला तिच्यात एक मालिका सापडली. अनाथाश्रमात वाढलेली मुलगी, हरवलेल्या आईला शोधत फिरणारी — बस, एवढीच गोष्ट. पण दुपारी जेवणं झाली, पडदा ओढला, खोलीत निळसर उजेड पसरला की आई त्या मुलीचा हात धरून कुठल्या कुठे निघून जायची. हाक मारली तर वळून बघायची, पण मी कोण हे तिच्या ध्यानात यायला एक क्षण लागायचा.

संध्याकाळी खाली पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर चार बायका बसत. त्याही तीच मालिका बघणाऱ्या. आईच्या अहिराणीला त्या हसायच्या, पण सरकून जागाही द्यायच्या. ‘आजी, आज रडलात का?’ असं विचारायच्या. गाव सुटल्यावर तिला मिळालेली ही पहिली हक्काची जागा.

आता त्या डबीबद्दल बोलू? मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे. वस्तू एकदा घेतली की आपली, बिघडली तर दुरुस्त करायची — एवढंच मला कळतं. ही डबी मात्र कधी आपली झालीच नाही. दरवर्षी या अ‍ॅपचं भरा, मग त्या अ‍ॅपचं, जाहिराती नकोत तर आणखी वर भरा, नेटचं वेगळंच. सासरच्या पाहुण्यासारखा दर थोड्या दिवसांनी तिचा मान ठेवायचा. माझं डोकं फिरायचं. पण हे कारण नाही. कारण म्हणून सांगायला सोयीचं आहे, इतकंच.

एका रविवारी दुपारी आईनं रिमोट दाबला आणि पडद्यावर मालिकेऐवजी पैसे भरा अशी पाटी आली. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, का दिसत नाही? मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, “संपलं.”

वर्गणी संपली, असं मला म्हणायचं होतं. खरंच. तोपर्यंत तरी मी खोटं बोललो नव्हतो.

आई उठून माझ्याजवळ आली. “संपनं?” ती म्हणाली. “भाऊ, तिले तिनी माय भेटनी का?”

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. अगं, मालिका नाही, वर्गणी संपली, भरतो संध्याकाळी. किती वेळ लागतो हो असं म्हणायला? तिचा चेहरा इतका जवळ होता — आणि मी म्हणालो, “भेटली.” कंपनीत सगळे बोलत होते, असंही वर जोडलं.

आई हसली. त्या हसण्यावर मी वेळ मारून नेली, आणि वेळही माझ्यावर छान हसली असावी. पुढचे काही दिवस ती गॅलरीतल्या उन्हात बसून त्या भेटीची गोष्ट मला सांगायची. कधी ती मायलेकींना आरम नदीच्या काठी भेटवायची, कधी कांद्याच्या चाळीच्या सावलीत. रोज नवी जागा, रोज नवं लुगडं. सांगता सांगता तिचा डोळा लागायचा, ओठ मात्र हलत राहायचे. मी ऐकायचो. मला ते आवडायचं, हेही कबूल करतो.

मग एकदा संध्याकाळी खालून आवाज चढलेले ऐकू आले. बायका म्हणत होत्या, आजी, कालच तर भाग झाला, कुठे भेटली आई? एक जण मोठ्यानं हसली. हे हसणं वेगळं होतं. आणि आई ठामपणे म्हणाली, “मना आंडोर खोटं बोलत नही.”

माझा मुलगा खोटं बोलत नाही. मी वर गॅलरीत उभा होतो. दोन जिने उतरायचे होते. मी आत आलो आणि पंखा वाढवला.

दुसऱ्या दिवसापासून ती बाकावर गेली नाही. का, ते मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. वर्गणी तेव्हाही भरता आली असती. पण भरली असती तर पडद्यावर ती मुलगी अजून आईला शोधताना दिसली असती, आणि आईला कळलं असतं. म्हणून दोन वर्षं मी ती भरलेली नाही. मालिका चालू आहे. आई एकटी बसते.

आणि जे सांगायचं मी इतका वेळ टाळतोय, ते हे. त्याच रविवारी, आईनं रिमोट दाबायच्या तासभर आधी, मी माझ्या क्रिकेटच्या अ‍ॅपचं वर्षाचं भरलं होतं. दोन्हींची आठवण फोनवर एकाखाली एक आली होती. मी माझं निवडलं.

गेल्या आठवड्यात आतल्या खोलीत मी फोनवर सामना बघत होतो. आई चहा घेऊन आली. कप ठेवला, वाकून पडद्याकडे बघत राहिली.

“हाई चालू शे?”

“हो, हे चालू आहे,” मी म्हणालो.

तिनं कप माझ्या हाताजवळ सरकवला. “बरं,” म्हणाली. मग मला नीट ऐकू यावं म्हणून जाताना तिनं दार ओढून घेतलं.