आधी मात, मग डाव

संस्थानं विलीन झाली, ग्वाल्हेरचं मध्य भारत झालं आणि पाठोपाठ संस्थानची फौजही नव्या सरकारच्या फौजेत मिसळली. तरुण शिपाई तिकडे गेले. महिपतराव दफेदार मात्र वयात बसेनात, म्हणून रिसाल्यातून उतरून माधवगंजातल्या घरी आले, आणि बायकोच्या, मंदाताईंच्या, स्वयंपाकघरात त्यांनी छावणी टाकली.

भेंडी अशी का चिरली, पाण्याची कळशी दाराजवळ का ठेवली, सगळ्याची चौकशी सुरू झाली. मंदाताईंनी आठवडाभर ऐकून घेतलं. मग बुद्धिबळाचा पट कपाटातून काढून त्यांच्या हातात दिला.

"अहो, गल्लीतल्या पोरांना हे शिकवा. त्यांना हुकूम सोडा. मला नको."

दुपारी अंगणात पाच-सात पोरं जमली. महिपतराव मिशीवरून हात फिरवून सुरुवातीच्या चाली सांगू लागले. प्यादी कशी पुढे काढायची, घोडा कुठून आत घुसतो, कुठल्या सरदारानं कशी फळी फोडली. पोरं माना डोलावत होती. पण डाव मांडला रे मांडला की एकच धुमाळी. दिसेल तो मोहरा मारायचा. शेवटी पटावर दोन राजे आणि एखाददुसरा हत्ती उरायचा, आणि हत्तीवाला राजाच्या मागे पळत राहायचा. राजा इकडे, हत्ती तिकडे. खेळ संपायचाच नाही. सचिवालयातल्या कारकुनाची आठ वर्षांची पद्मा एकदा म्हणाली, "आजोबा, ये तो हाथ ही नहीं आता. मी घरी जाऊ?"

महिपतरावांना वाईट वाटलं. घोड्यांना शिकवणारा माणूस पोरांपुढे हरत होता.

त्याच आठवड्यात शेजारच्यांची शेळी दावं तोडून अंगणात शिरली आणि मंदाताईंच्या कोथिंबिरीवर तुटून पडली. पद्मा, गल्लीतला उमाजी, सगळी पोरं आरडाओरडा करत तिच्यामागे धावली. शेळी प्रत्येकाच्या बगलेतून निसटत होती. मंदाताई लाटणं हातात घेऊन दारात आल्या.

"पळू नका रे. पद्मे, तू त्या फरशीच्या ओळीवर आडवी उभी राहा. हलायचं नाही. उमाजी, तू पद्माच्या पुढच्या ओळीत ये. आता शेळी मागं सरकली ना? मग उमाजी, तू तिथंच थांब. पद्मे, आता तू त्याच्या पुढं."

एक अडवून धरायचा, दुसरा पुढे सरकायचा. ओळीमागून ओळ करत शेळी भिंतीला लागली आणि तिथं मुकाट उभी राहिली.

महिपतराव ओट्यावरून बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "अगं, ही तर दोन हत्तींची मात झाली."

"असेल," मंदाताई म्हणाल्या. "शेवट कसा करायचा ते आधी सांगा की त्यांना. शेवटच माहीत नाही, तर पोरं धावणार कुठं?"

दुसऱ्या दिवशी महिपतरावांनी पटावरचे बाकीचे मोहरे डब्यात घातले. एका बाजूला एकटा राजा, दुसऱ्या बाजूला राजा आणि दोन हत्ती. "आज फक्त शेळी पकडायची." संध्याकाळपर्यंत गल्लीतलं प्रत्येक पोर दोन हत्तींनी मात करू लागलं. त्यांची मतं मात्र पक्की झाली होती. एकटा राजा म्हणजे शेळी. कुणी बदलायला तयार होईना.

मग वजीर आणि राजा मिळून करायची मात आली, आणि तिथं पद्मा अडखळली. ती एवढ्या उत्साहानं वजीर जवळ नेई, की समोरच्या राजाला शह नसे आणि हलायला घरही उरत नसे. महिपतराव दर वेळी म्हणत, "ही चाल चालत नाही. परत घे." जुन्या रीतीनं ते असंच खेळत आले होते.

गणपतीत गल्लीच्या मांडवात माधवराव आले. पूर्वी दरबारच्या महसूल खात्यात होते, आता मोती महालातल्या नव्या कचेरीत. त्यांना नवे, साहेबी नियम पाठ होते. गमतीनं त्यांनी आपला वजीर आणि दोन्ही हत्ती उतरवून ठेवले आणि पद्माला खेळायला बसवलं. पद्मा सरळ मोहऱ्यांच्या मारामारीवर उतरली. बघता बघता माधवरावांचा राजा एकटा राहिला आणि तिच्याकडे वजीर. राजा कोपऱ्यात गेला. पद्मानं ओठ आवळून वजीर पुढे केला.

माधवराव खुशीत म्हणाले, "शह नाही, घर नाही. बरोबरी."

"कसली बरोबरी?" महिपतराव उठले. "चाल परत घ्यायची. राजाला वाट ठेवावी लागते."

"तो तुमच्या संस्थानचा कायदा, महिपतराव. संस्थान गेलं."

"संस्थान गेलं, पट तोच आहे ना?"

दोघांचं जुंपलं. आरतीला उशीर होऊ लागला. इकडे पद्मा आणि उमाजी पटावर वाकून काहीतरी करत होते. थोड्या वेळानं पद्मानं महिपतरावांचं धोतर ओढलं.

"आजोबा, मिल गया. वजीर तिथं नाही न्यायचा. आधी माझा राजा जवळ आणायचा, मग वजीर. बघा, मात."

"पण खेळ तर बरोबरीत सुटला, बाळ," माधवराव म्हणाले.

"हो, सुटला. मला फक्त बघायचं होतं, मात कुठं होती."

महिपतरावांना वाटलं, आपण इतकी वर्षं खेळलो, पण हरलेल्या किंवा सुटलेल्या डावाकडे असं कधी वळून बघितलं नाही. माधवरावांनी पटाकडे नीट पाहिलं आणि हसत तिच्या हातावर मोदक ठेवला.

त्यानंतर दर रविवारी माधवराव अंगणात यायला लागले. एकजण नवी रीत सांगे, दुसरा जुनी. पोरं दोन्ही शिकली आणि हरायला लागली की सोयीची तेवढी काढायची, हेही शिकली.

छप्पन साली राज्यांची पुन्हा मांडणी झाली, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्याबरोबर कचेऱ्याही. पद्माचे वडील गेले, माधवरावही निघाले. निरोपाला आले तेव्हा म्हणाले, "तिकडं शिकवायला मुलं मिळतील का हो?"

"मुलं सगळीकडं असतात," महिपतराव म्हणाले. "आमच्या मंदाताई कुठून आणाल?"

आत मंदाताईंनी ऐकलं, पण दाखवलं नाही. फक्त माधवरावांच्या शिदोरीच्या चिवड्यात त्यांनी आणखी मूठभर दाणे घातले.