खाटेखालची नासपती

गल्लीत त्यांना सगळे सावकाशकाका म्हणायचे. ते धनुष्यं बनवायचे, आणि "कधी मिळेल?" या प्रश्नावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, लाकूड सांगेल तेव्हा. तिरंदाजी शिकणारे वैतागून जायचे आणि फिरून त्यांच्याच दारात यायचे.

फळझाडाचं लाकूड मोठं तापट. घट्ट आणि चिवट, म्हणून धनुष्याला चांगलं. पण घाईनं वाळलं की तडकलंच. ओला ओंडका आला की काका पाचर ठोकून तो उभा फोडायचे, फाळक्यांच्या दोन्ही तोंडांना मेण लावायचे आणि मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवायचे. अधूनमधून तोलून वजन पेन्सिलीनं लाकडावरच लिहायचे. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. त्यांच्या मते घरात ना ऊन ना ओल अशी जागा एकच होती, काकूंच्या खाटेखाली. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, यांनी सवत आणली ती आणली, वर माझ्याच खाटेखाली झोपवली.

काकूंच्या भावाच्या अंगणातली नासपती वादळात पडली, तेव्हा तिचं सरळ खोड काकूंनीच मागून आणलं. लहानपणी त्या त्याच झाडावर चढून बसायच्या. इतकं बिनगाठीचं लाकूड काकांना उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. त्यांनी ते फोडून, रचून खाटेखाली सरकवलं.

त्या हिवाळ्यात काकूंना न्यूमोनिया झाला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, खोली गरम ठेवा. काकांनी शेगडी खाटेला लावून ठेवली आणि विझू दिली नाही. औषधं, पाठ शेकणं, घोटाघोटानं भरवणं, सगळं स्वतः केलं. कामाच्या खोलीचं कुलूप कितीतरी दिवस निघालं नाही.

काकू उठून बसू लागल्या, तेव्हा एका दुपारी खाटेखालून तडकन आवाज आला. त्यांनी वाकून पाहिलं. मेण वितळून फरशीवर ओघळलं होतं आणि फाळकी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली होती. काका पाणी घेऊन आले, तर काकूंचा चेहरा उतरलेला.

"अहो, नासपती इथे आहे हे विसरलात?"

काका खाली बसले. चिरेवरून बोट फिरवत राहिले.

"विसरलो."

"तुम्ही?"

"एकदासुद्धा आठवली नाही गं."

काकूंना रडू फुटलं. माहेरचं झाड गेलं म्हणून असेल, असं काकांना वाटलं. ते समजूत घालू लागले, भावाकडे अजून फांद्या असतील म्हणाले. काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना गप्प केलं. सवतीची थट्टा इतकी वर्षं आपण मनातून खरी मानूनच करत होतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

एक आखूड फाळकं तेवढं शाबूत निघालं. काकांनी ते नव्यानं मेण लावून माळ्यावर टाकलं आणि त्याच्या वेळेनं वाळू दिलं. तासायची वेळ आली तेव्हा काकू म्हणाल्या, आता मला शिकवा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी रंधा हातात घेतला. काका शेजारी बसून नुसतं "हलक्या हातानं" म्हणत राहिले. धनुष्य झालं, थोडा पीळ पडलेलं. बाण डावीकडे जातो. काकू मात्र कोणाला दुरुस्त करू देत नाहीत. सकाळी अंगणात जरा उजवीकडे सरकून उभ्या राहतात आणि नेम धरतात.