हात धुताना

मिरजेतल्या एका रुग्णालयात मी चौदा वर्षं परिचारिका आहे, बहुतेक काळ अतिदक्षता विभागात. मागच्या वर्षी एका सकाळी माझ्याकडचा रुग्ण गेला. त्याची बायको माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि मला मात्र काहीच वाटत नव्हतं. त्या न वाटण्याचीच मला भीती वाटली. देवाशी बोलणं कधीच थांबलं होतं. इतकी माणसं हात जोडतात आणि तरी जातात, मग बोलायचं काय? मी राजीनामा लिहून ठेवला.

महाराजांचं दर्शन घेऊन ये म्हणून कोरेगावहून आई फोनवर मागेच लागली, तेव्हा गुरुवारी औदुंबरला गेले. दर्शन घेतलं, पण मन कोरडंच राहिलं. घाटाच्या पायऱ्यांवर बसले होते, तेवढ्यात कृष्णेत स्नान करून वर येणारे एक आजोबा माझ्यासमोर कोसळले. श्वास थांबला होता. जे काम मी शेकडो वेळा केलंय, त्यासाठी माझे पाय उचलेनात.

गर्दीतून सत्तरीचे एक गृहस्थ पुढे आले, गुडघे टेकून आजोबांची छाती दाबू लागले. अगदी योग्य जागी, योग्य लयीत. थोड्या वेळानं त्यांना धाप लागली. एवढ्या माणसांतून त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. "आवं ताई, या की! माजं हात भरून आलं."

मी उठले. कशी, ते आजही सांगता येत नाही. आम्ही आळीपाळीनं दाबत राहिलो. रुग्णवाहिका आली तेव्हा आजोबांच्या मानेशी नाडी लागत होती.

ते गृहस्थ फौजेत रुग्णसेवेत होते, बावीस वर्षं. "मी नर्स आहे हे कसं ओळखलंत?" मी विचारलं.

"मला काय ठावं? तुमीच जवळ हुता."

"आजोबा वाचतील ना?"

ते नदीत हात धूत होते. "लय पोरं गेली माज्या हातनं. आदी समद्यांना मनात घिऊन हिंडायचो, जेवाण जाईना. मग हात धुताना म्हाराजांना सांगाय लागलो, माजं झालं, आता तुमी बघा. न्हाईतर बावीस वर्सं निघाली नसती, ताई."

मी त्यांच्या शेजारी बसून हात धुतले आणि किती तरी महिन्यांनी पोटातून रडले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातात दिला. एवढं मरण पाहूनही हा माणूस इतका मऊ राहिला होता!

सोमवारी राजीनामा देण्याऐवजी मेट्रनबाईंना सगळं मोकळेपणानं सांगितलं. त्यांनी पंधरा दिवस रजा दिली, काही महिने वॉर्ड बदलून दिला. आम्ही सहकारी आता जेवताना मनातलं जड काढून ठेवतो. मदत मागण्यात कमीपणा नसतो, हेही त्या घाटावर महाराजांनीच शिकवलं असं मी मानते.

आता पुन्हा अतिदक्षता विभागात आहे. माणसं आजही जातात. जीव ओतून करते, मग नळाखाली हात धरून म्हणते, महाराज, आता तुम्ही बघा. आणि पुढच्या खाटेकडे जाते.