रक्तदात्यांचा डेटाबेसवाला

अमरावतीच्या आमच्या गल्लीतला हा गृहस्थ बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार होऊन त्यावर साय धरते. त्यानं रक्तदात्यांचा डेटाबेस केलाय आणि सगळी पृथ्वी त्यावरच टेकल्याच्या थाटात तो सांगतो, "आपल्यात रकाने नाहीत भाऊ. ज्यानं जेवढं सांगतलं, तेवढंच त्याच्या ऑब्जेक्टात, म्हंजे त्याच्या नोंदीत. फोन नसंल तं नसो, गाव नसंल तं नसो."

परवा दर्यापूरचा एक माळी धापा टाकत त्याच्याकडे आला. बायको इथल्याच दवाखान्यात बाळंत झालेली, रक्तस्राव थांबत नव्हता, ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. यानं रक्तगट आणि 'अमरावती' टाकून शोध घेतला. पडद्यावर शून्य.

"कोणीच नाही भाऊ. अकोल्याले पाहा."

माळी आल्या पावली पळाला. मी सहज विचारलं, "तुमचा रक्तगट कोणता?"

"तोच."

"मंग तुमचं नाव कावून नाही आलं?"

"माह्या ऑब्जेक्टात गावच नाही टाकलं," बशीत चहा ओतत तो म्हणाला. "गाव टाकलं का लोक बोलावतात."